रिकाम्या बाटलीचे मोल आणि ती वेचणारे हात

गतवर्षीच्या जयंती-समारंभानंतरची गोष्ट. भाषणे आटोपली, मुलामुलींचे कार्यक्रम झाले, भोजन झाले, आणि मंडळी एकमेकांना ‘जयभीम’ करून पांगली. सभागृहाच्या भाड्याची मुदत संपत आली होती, म्हणून आम्ही चार-पाच जण खुर्च्या रचण्यासाठी मागे थांबलो. पाहतो तो प्रत्येक रांगेखाली अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या, शीतपेयांचे डबे, कागदी ताटल्या आणि चुरगळलेले हातपुसणे. सभागृहाची सफाई करणारी एक वृद्ध चिनी बाई (येथील रीतीप्रमाणे तिला सारे ‘आंटी’ म्हणतात) निमूटपणे आली आणि कामाला लागली. सारा कचरा ती एका मोठ्या काळ्या पिशवीत भरीत होती. अॅल्युमिनियमचे डबे मात्र पायाखाली चेपून एका वेगळ्या, स्वतःच्या पिशवीत टाकीत होती. काळी पिशवी तिच्या मालकाची होती, छोटी पिशवी तिची होती. ज्या महामानवाने माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्य वेचले त्याच्या जयंतीला आम्ही, त्याच्याच पुण्याईने शिकून परदेशी आलेली माणसे, दुसऱ्या एका म्हातारीला आपले उष्टे उचलायला लावून घरी निघालो होतो. मला ओशाळल्यासारखे झाले.

पुढे कार्यकारिणीच्या बैठकीत ह्या बाटल्यांचा विषय निघाला तो मात्र निराळ्या अंगाने. सिंगापूर सरकारने पेयांच्या बाटल्या-डब्यांवर परत मिळणाऱ्या १० सेंटांच्या ठेवीची योजना आखली आहे. तिचा आधार घेऊन एका उत्साही तरुण सभासदाने सूचना मांडली की, आपल्या समारंभांतील रिकाम्या बाटल्या व डबे आपणच गोळा करावेत आणि त्यांचा परतावा विद्यार्थी-साहाय्य निधीत जमा करावा. वर्षातून तीन मोठे कार्यक्रम, दर वेळी चारशेच्या आसपास बाटल्या-डबे, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १२० डॉलर. गावाकडील एखाद्या मुलीच्या वह्यापुस्तकांचा खर्च सहज निघेल. सूचना चांगलीच होती. कोणी विरोध केला नाही. मीही केला नाही. परंतु घरी परतताना ती छोटी पिशवी डोळ्यांसमोरून हलेना. संपादक मंडळाने ह्या अंकासाठी माझ्याकडे मधुमेहावर लेख मागितला होता. तो पुढील वर्षी अवश्य देईन. ह्या वर्षी वाचकांनी ह्या रिकाम्या बाटल्यांचा विचार माझ्यासमवेत करावा, अशी विनंती आहे.

प्रथम योजना काय आहे ते पाहू. २०२३ साली येथील संसदेने संसाधन-शाश्वततेच्या कायद्यात दुरुस्ती करून ह्या योजनेला कायद्याचे अधिष्ठान दिले. १५० मिलिलिटरपासून ३ लिटरपर्यंतच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि धातूचे डबे तिच्या कक्षेत येतात. ग्राहकाने पेय विकत घेताना १० सेंट अधिक द्यायचे आणि खुणेचे चिन्ह असलेले रिकामे भांडे नेमलेल्या ठिकाणी परत करून ते घ्यायचे, इतकी ही साधी व्यवस्था. २०० चौरस मीटरांहून मोठ्या सुपरमार्केटांनी परतीची सोय करावी, असा नियम आहे. योजना चालविण्याचे काम पेय-उत्पादकांनीच मिळून स्थापन केलेल्या एका संस्थेकडे देण्यात आले. आधी ठरलेली १ एप्रिल २०२५ ही तारीख तयारीसाठी वर्षभर पुढे ढकलून १ एप्रिल २०२६ करण्यात आली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत १०० पैकी ८० भांडी परत यावीत असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. परत न मागितलेल्या ठेवी योजनेच्याच खर्चासाठी वापरावयाच्या आहेत. ही शेवटची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

ह्या देशाला अशी योजना का लागावी? येथील घरगुती कचऱ्यापैकी २०२४ साली केवळ ११ टक्के पुनर्वापरासाठी गेला. इमारतींखाली निळ्या पेट्या ठेवून, पत्रके वाटून आणि शाळाशाळांतून शिकवून झाल्यावरचा हा आकडा आहे. उरलेला कचरा भट्ट्यांत जाळला जातो आणि त्याची राख समुद्रातील सेमाकाऊ बेटाच्या भरावात जाते. १९९९ साली सुरू झालेला हा एकमेव भराव २०३५ च्या सुमारास भरून जाईल, असा सरकारचा अंदाज आहे. त्यापुढे राख टाकण्यास ह्या चिमुकल्या देशात जागा कोठून आणावी?

सिंगापूरच्या स्वच्छतेचे गोडवे आपण मायदेशी गेल्यावर भरपूर गातो. ही स्वच्छता मुख्यत्वे दंडावर उभी राहिली. १ ऑक्टोबर १९६८ रोजी ली क्वान यू ह्यांनी ‘सिंगापूर स्वच्छ ठेवा’ ह्या मोहिमेचा प्रारंभ केला. १९९२ साली च्युइंगगमवर बंदी आली आणि त्याच वर्षी रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांना भडक रंगाचा अंगरखा घालून सार्वजनिक जागा झाडायला लावण्याची शिक्षाही अमलात आली. ह्या शिक्षेविषयी मला प्रथमपासून एक शंका आहे. जे काम हजारो माणसे पोटासाठी रोज करतात, तेच काम अपराध्याला लाज वाटावी म्हणून द्यायचे, ह्याचा अर्थ काय होतो? झाडू मारणे ही नामुष्की आहे, असे सरकारनेच सांगितल्यासारखे नव्हे काय? आपण ज्या समाजातून आलो, त्याला ह्या प्रश्नाचे उत्तर कोणी सांगायला नको.

दंडापेक्षा ठेव बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती आपल्याला नवीनही नाही. माझ्या पिढीतील प्रत्येकाला सोड्याच्या व शीतपेयांच्या काचेच्या बाटल्या आठवतील. दुकानात उभे राहून प्यायचे नसेल तर बाटलीचे डिपॉझिट ठेवावे लागे, आणि पाहुणे उठण्यापूर्वीच घरातील मुले त्या बाटल्या परत करण्यास दुकानाकडे धावत. बाटली रस्त्यावर पडलेली मी लहानपणी कधी पाहिली नाही. रद्दीवाला वर्तमानपत्रे तोलून पैसे देई, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई. येथे हेच काम करणाऱ्या फेरीवाल्याला ‘करुंग गुनी’ म्हणतात. करुंग म्हणजे मलय भाषेत पोते. आणि ‘गुनी’ हा शब्द तर आपलीच ‘गोणी’ आहे! समुद्र ओलांडून शब्दही गेला आणि धंदाही गेला. आज बाटली फुकाची झाली म्हणून ती गटारात गेली. तिला पुन्हा किंमत आली तर ती गटारातून बाहेर येईल, हे तर्काला धरून आहे. जर्मनीने २००३ सालापासून एकदाच वापरायच्या पेयभांड्यांवर २५ सेंटांची ठेव सक्तीची केली. तेथे ९५ टक्क्यांच्या वर भांडी परत येतात. डॉक्टर म्हणून मला आणखी एक लाभ दिसतो. २०२० साली ह्या नगरात डेंग्यूचे ३५ हजारांहून अधिक रुग्ण झाले. एडिस डासाच्या मादीला अंडी घालण्यास चमचाभर स्वच्छ पाणी पुरते, आणि झुडपात फेकलेला उघडा डबा हे तिचे हक्काचे प्रसूतिगृह असते.

असे असूनही, पैशाने सारे काही साधते ह्या मताचा मी नाही. वैद्यकीय व्यवसायात ह्याचे धडे आम्हांला फार पूर्वी मिळाले. मी पदवीनंतर निवासी डॉक्टर असताना एका मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी ‘धंदेवाईक’ रक्तदाते उभे असत. खोल गेलेले डोळे, पांढरेफटक ओठ. आठवड्यापूर्वी रक्त दिलेला माणूस आज पुन्हा नाव बदलून रांगेत. ह्याच विषयावर रिचर्ड टिटमस ह्या इंग्रज विद्वानाने १९७० साली ग्रंथ लिहून ब्रिटनमधील स्वेच्छेचे रक्तदान आणि अमेरिकेतील विकतचे रक्त ह्यांची तुलना केली होती. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. दुसरे उदाहरण इस्रायलमधील हायफा शहराचे. तेथील काही पाळणाघरांत मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड ठेवून पाहण्यात आला. उशीर वाढला! पालकांना वाटू लागले, आपण पैसे भरतो ना, मग संकोच कशाचा? दंड रद्द केल्यावरही तो उशीर कमी झाला नाही. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मला भीती वाटते ती अशी की, ‘दहा सेंट सोडले’ असे म्हणून आपण बाटली बिनदिक्कत बाकावर ठेवून निघून जाऊ, आणि आज जी थोडीशी टोचणी लागते तीही उरणार नाही.

आमिष कोणावर चालते, हाही प्रश्न आहे. भारतात आणीबाणीच्या काळात नसबंदीच्या मोबदल्याची आणि सक्तीची धाड कोणत्या वस्त्यांवर पडली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. सिंगापुरातही १९८४ साली कमी शिकलेल्या, अल्प उत्पन्नाच्या तरुण मातांना एक-दोन अपत्यांनंतर नसबंदी करून घेतल्यास १० हजार डॉलर देऊ करण्यात आले होते, तर पदवीधर मातांना अधिक अपत्यांसाठी सवलती! पैशाचे आमिष सर्वांना सारखेच दिसते, पण ते ओढते गरजूलाच. बाटलीचेही तसेच आहे. ऑर्चर्ड रोडवरील कार्यालयात काम करणारा मनुष्य १० सेंटांसाठी रिकामी बाटली हातात घेऊन यंत्र शोधीत फिरेल, असे मला वाटत नाही. ती बाटली ज्याला १० सेंट म्हणजे काहीतरी वाटतात, तोच उचलील. म्हणजे नगर स्वच्छ होईल. मात्र ते टाकणाऱ्याच्या सुधारण्याने होईल की वेचणाऱ्याच्या वाकण्याने, हे पाहिले पाहिजे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आत्या मराठवाड्यातून पुण्याला आली. खडी फोडण्याचे काम सुटल्यावर ती काच-पत्रा वेचू लागली. पुढे माझ्या शाळेसाठी वडिलांनी मला तिच्याकडे ठेवले. पहाटे चारला ती गोणी खांद्यावर टाकून निघे, नऊ वाजता परत येई, आणि झोपडीच्या दारात बसून कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक असे ढीग करी. भंगारवाला काट्यात मारी, हे तिला कळे; पण तोच अडीअडचणीला उसने देई, म्हणून ती बोलत नसे. पोलीस चोरीचा आळ घेत. सोसायटीतल्या बायका तिला नळाचे पाणी ओंजळीत वरून ओतीत. तिच्या हातांना बाराही महिने जखमा असत. वैद्यकीय महाविद्यालयात धनुर्वाताचा पाठ शिकताना मला प्रथम तिचे हात आठवले आणि सुटीत घरी जाऊन मी आधी तिला लस टोचविली. माझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचे पैसे बिअरच्या बाटल्यांतून आले आहेत. तेव्हा रिकाम्या बाटलीचे मोल मला कोणी नव्याने समजावून देऊ नये.

आत्याच्या आयुष्यात खरा पालट आला तो बाटलीचा भाव वाढल्याने नव्हे. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव ह्यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही बहुतेक आपल्याच दलित समाजातल्या. पंचायतीने ओळखपत्र दिले, पुढे महानगरपालिकेनेही ते मान्य केले. गळ्यात ते पत्र अडकविल्यापासून पोलिसाची भाषा बदलली, असे आत्या सांगे. २००७ साली ह्याच स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महानगरपालिकेशी करार होऊन त्या घरोघर जाऊन वर्गीकृत कचरा घेऊ लागल्या. तीन हजारांहून अधिक कचरावेचक तिच्यात आले. ह्या व्यवस्थेत घरमालक महिन्याकाठी सेवेचे शुल्क देतो, आणि भंगार विकून येणारे पैसेही वेचणाऱ्या बाईचेच राहतात. म्हणजे पैसा येथेही आहेच. फक्त तो आमिष म्हणून येत नाही, मजुरी म्हणून येतो. उकिरड्यात हात घालण्याऐवजी दारात उभे राहून ‘ओला वेगळा, सुका वेगळा’ असे ती हक्काने सांगू शकते. अडचणी तेथेही पुष्कळ आहेत. शुल्क बुडविणारी घरे आहेत, आणि यंत्रे व ठेकेदार आणून ह्या बायांना बाजूला सारण्याचे घाट वारंवार घातले गेले आहेत.

याउलट केवळ कागदावरच्या ठेवीचे काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले. २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर आकारानुसार १ किंवा २ रुपये आणि दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अशी परतीची ठेव सुचविलेली होती. ग्राहकाने बाटली कोठे द्यावी, दुकानदाराने ती कोठे साठवावी, पैसे कोणी कोणाला चुकते करावेत, ह्याची घडी बसलीच नाही, आणि ती ठेव लोकांच्या हाती आली नाही. निलगिरी जिल्ह्यात मात्र २०२२ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने दारूच्या बाटलीवर १० रुपये अधिक घेऊन बाटली परत केल्यावर ते देण्याची पद्धत सुरू झाली. तेथे दुकाने सरकारी आणि विक्रेता एकच, म्हणून हिशेब जमला. जंगलात फुटलेल्या काचांनी वन्यप्राण्यांचे पाय कापले जात होते, तेही टळू लागले. गोव्यानेही २०२४ साली ठेव-परतीची योजना अधिसूचित केली आहे. यंत्रणेच्या दृष्टीने सिंगापूर ह्या सर्वांच्या पुढे आहे, त्यामुळे हिशेबाची चिंता येथे करण्याचे कारण नाही. चिंता आहे ती माणसाची.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ ह्या निबंधात श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी ह्यांतील भेद दाखवून दिला, तो आपल्या घरोघर पाठ असेल. येथे जात नाही, असे आपण म्हणतो. बरोबर आहे. पण भल्या पहाटे इमारतीखाली झाडणारे कोण आहेत, ते एकदा थांबून पाहावे. बांगलादेशचे, तमिळनाडूचे तरुण, आणि सत्तरी गाठलेले स्थानिक वृद्ध. माझ्या दवाखान्यात पुठ्ठे गोळा करणारी एक वृद्धा पाठदुखीसाठी येते. तिला मी ‘वाकू नका’ असे सांगतो आणि ती हसते. २०१५ साली येथील एका मंत्रिमहोदयांनी, काही वृद्ध व्यायाम म्हणून पुठ्ठे वेचतात, असे लिहिले तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. एखाद-दुसरा तसा असेलही. माझ्या रुग्णांत तरी मला तो आढळलेला नाही.

म्हणून ह्या योजनेचे स्वागत करतानाच काही गोष्टी मागितल्या पाहिजेत, असे मला वाटते. परतावा केवळ मोबाइलवर किंवा कार्डावर न देता रोखही मिळावा; ज्या हातांना ह्या १० सेंटांची सर्वांत अधिक गरज आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती तसला मोबाइल नसतो. शेदोनशे बाटल्या एकदम आणणाऱ्यास ‘ही घरगुती नाहीत’ म्हणून परत पाठवू नये. काचेच्या बाटल्या सध्या योजनेबाहेर आहेत. हात कापतात ते काचेनेच, तेव्हा त्याही आत याव्यात. आणि ज्या ठेवी कोणी परत मागणार नाही, त्यांतील काही अंश सफाई कामगारांच्या हातमोज्यांसाठी, लसीसाठी, वैद्यकीय तपासणीसाठी राखून ठेवावा. आज तो सारा पैसा यंत्रणेच्या खर्चासाठीच ठेवला आहे. टाकणाऱ्याने सोडलेल्या पैशावर पहिला हक्क उचलणाऱ्याचा असावा, ह्यात अन्याय कोणावर होतो? सरकारने सूचना मागविल्या तर आपल्या संघटनेने निदान एवढे लेखी कळवावे.

उरला आपल्या १२० डॉलरांचा प्रश्न. जर्मनीतील काही शहरांत कचरापेटीच्या बाहेरून एक कडे बसविलेले असते. ज्याला ठेव नको असेल त्याने बाटली त्यात उभी ठेवायची, म्हणजे वेचणाऱ्याला पेटीत हात घालावा लागत नाही. ही युक्ती मला आवडली, पण पुरेशी वाटली नाही. त्यात देणारा व घेणारा एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. मागील महिन्यात दुसऱ्या एका कामानिमित्त त्याच सभागृहात गेलो तेव्हा आंटी भेटली. माझ्या मोडक्यातोडक्या मंदारिनमध्ये मी तिला ठेवीविषयी विचारले. तिला सारे ठाऊक होते. पैसे आम्ही घ्यावेत की तिने, ह्यावर तिने फारसे मत दिले नाही. ‘पाणी ओतून द्या,’ एवढेच ती दोनदा म्हणाली. भरलेली बाटली जड होते आणि तिचा खांदा दुखतो.

बैठकीत मी पुढीलप्रमाणे ठराव मांडणार आहे: समारंभ संपल्यावर पंधरा मिनिटे कोणीही सभागृह सोडू नये, प्रत्येकाने आपली बाटली रिकामी करून, झाकण लावून, पिशवीत ठेवावी, आणि त्या पिशव्या अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने आंटीला द्याव्यात. विद्यार्थी-साहाय्य निधीत पडणारी १२० डॉलरांची तूट मी माझ्याकडून भरीन. तिच्या खांद्याची तपासणी करण्यासाठी येत्या शनिवारी तिला दवाखान्यात बोलाविले आहे.